तळच्या पात्यावरची जखम

१

“ए, तुमच्या पात्याला दाढी फुटलीय!”

कामगारांची ने-आण करणाऱ्या बोटीचा चालक खालून ओरडला, तेव्हा स्टॉर्केनच्या डेकवर कुणी फारसं मनावर घेतलं नाही. थट्टा केल्याशिवाय त्या माणसाचा दिवस जात नसे. पण तो हात उंचावून दाखवतच राहिला. शेवटी कप्तान वाग्न कठड्यावरून वाकून पाहायला गेला आणि त्याच्या हातातला पाव तसाच राहिला.

स्टॉर्केन म्हणजे करकोचा. नाव शोभणारंच होतं. समुद्रात पवनचक्क्या उभ्या करायच्या जागी पोचलं की हे जहाज आपले चार लांब पाय तळापर्यंत सोडायचं आणि त्यांच्यावर जोर देऊन स्वतःचं पोट पाण्याबाहेर उचलायचं. मग लाट येवो की जावो, जहाज जागचं हलत नसे. पवनचक्कीची पाती डेकवर आडवी, एकावर एक रचलेली असत. ती जहाजापेक्षा लांब होती, त्यामुळे त्यांची टोकं कठड्याबाहेर, पाण्याच्या वर अधांतरी राहायची. त्यातल्या सर्वांत तळच्या पात्याच्या टोकाला, पोटाच्या बाजूला, एक खोक पडली होती. तुटलेले पांढरे धागे तिच्यातून लोंबत होते.

आदल्याच दुपारी मार्युननं शेजारच्या रचणीतलं एक पातं उचललं होतं. उचलताना वाऱ्याचा झोत आला, पातं झुलू नये म्हणून बांधलेली दोरी सुटली आणि दोरीच्या टोकाची लोखंडी कडी गरकन फिरली, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. दोन आणि दोन चार करायला वेळ लागला नाही. कंपनीच्या माणसानं किनाऱ्यावरून फोनवर हुकूम दिला, मार्युनला मोठ्या क्रेनवरून उतरवा, काम थांबवा, उद्या तपासणीस येईल. दोष सिद्ध झाला तर मार्युननं त्याच बोटीनं परतायचं. आणि एवढं महागडं पातं फोडणाऱ्या बाईला पुन्हा मोठ्या क्रेनच्या खुर्चीत कोण बसवणार?

तपासणीस म्हणून आली ती मार्गित ब्रोगोर. ती पदार्थविज्ञान शिकली होती आणि तुटलेल्या वस्तूंमध्येच तिची बरीच वर्षं गेली होती. बोलणं कमी, पाहणं जास्त. उंचीची मात्र तिला भीती वाटायची. बोटीतून जहाजाच्या शिडीवर चढताना खाली बघायचं टाळावं म्हणून तिनं समोरच्या पायावर नजर खिळवली. पायावर पांढऱ्या रंगात आकडे रंगवले होते. पाणी सहाच्या आकड्याच्या ओठाला टेकलं होतं.

वर पोचताच एका हातानं तिला मनगटाला धरून डेकवर ओढून घेतलं. लोकरीची टोपी, फेरो बेटांवरचे जाड स्वर, तिशीची बाई.

“मी मार्युन,” ती म्हणाली. “बॅग भरून ठेवलीय. परतीच्या बोटीत तुझ्या शेजारी बसेन म्हणते. चालेल ना?”

२

स्टॉर्केनवर कप्तानापासून भांडी घासणाऱ्यापर्यंत सगळे एकमेकांना अरे-तुरे करत. त्यामुळे चौकशी ही चौकशी वाटतच नव्हती. मेसमध्ये कॉफीचे कप जिथं जागा मिळेल तिथं ठेवलेले होते, अगदी खिडकीच्या काठावरसुद्धा.

“जहाज तरंगत असलं की टेबलावर ओलं फडकं अंथरावं लागतं, नाहीतर ताटं मांडीवर येतात,” स्वयंपाकघरातून बोडिल म्हणाली. “उभं राहिलं की फडकं गुंडाळून ठेवते. मग हे सगळे असे वागतात, जणू घराच्या अंगणात बसलेत. समुद्र आहे हेच विसरतात मेले.”

कप्तान वाग्न समोर येऊन बसला. “मला स्पष्ट सांग, मार्गित. आज हवा शांत आहे. संध्याकाळनंतर वारा उठणार, आणि मग कित्येक दिवस काही उचलता येणार नाही. दुपारपर्यंत कळलं की चूक कुणाची, तर मी काहीतरी करू शकतो.”

“चूक कुणाची हे मला सर्वांत शेवटी कळतं,” मार्गित म्हणाली. “आधी काय झालं ते कळतं.”

दुसरा क्रेनचालक आक्सेल आत आला आणि उभ्यानंच बोलू लागला. मार्युन गेली तर मोठी क्रेन त्याच्याकडे येणार होती, हे त्यालाही ठाऊक होतं आणि इतरांनाही.

“कडी फिरताना मी पाहिली,” तो म्हणाला. “पात्यांच्या खाली गेली.”

“लागताना पाहिलीस?”

“नाही.” तो जरा घुटमळला. “आवाजही नाही ऐकला. पण मग दुसरं काय असणार? आणि हे बघ, मी तिच्या खुर्चीवर टपलोय असं जर तुझ्या कानावर आलं असेल—”

“टपलायस की!” बोडिल आतून म्हणाली.

“टपलोय,” आक्सेल म्हणाला. “पण अशी नकोय.”

डेकचा मुकादम प्रेबेन आला तो टोपी हातात घेऊन. पन्नाशी ओलांडलेला, खांद्यानं रुंद, हातावर जोडकामाच्या ठिणग्यांचे जुने डाग. जहाजावरच्या अर्ध्या लोखंडाला त्याच्या हातचे टाके होते, असं लोक म्हणत.

“पोरीचा काही दोष नाही,” तो बसायच्या आधीच म्हणाला. “वारा आला. वाऱ्यावर लिहून टाक आणि मिटव.”

“वाऱ्याची सही कुठं घेऊ?” मार्गितनं विचारलं.

प्रेबेन हसला नाही. “उगाच खोदत बसू नकोस. जितकं खोदशील तितकी तिचीच बदनामी. वारा म्हण. झालं.”

इतर सगळ्यांना काय घडलं ते कळायला हवं होतं. याला मात्र ते संपायला हवं होतं. मार्गितनं ही गोष्ट मनात एका बाजूला ठेवली.

तो गेल्यावर तिची नजर भिंतीवरच्या फोटोवर गेली. धक्क्याला लागलेल्या एका छोट्या मासेमारी बोटीवर पिंपावर पिंप चढवून केलेली, लालभडक रंगाची, माणसाच्या दुपटीहून उंच मिरीची चक्की. तिच्या शेजारी मिरीच्या पुडीनं डोक्यापासून पायापर्यंत काळीकुट्ट झालेली मार्युन, हसून हसून वाकलेली.

“तिसावा वाढदिवस,” बोडिल कॉफी ओतत म्हणाली. “तिशीला लग्न झालेलं नसलं की समोर मिरीची चक्की उभी करायची आणि अंगावर मिरीची पूड ओतायची, हे काय तुला सांगायला हवं? ती म्हणे मी फेरोची, मला तुमचे नियम लागू नाहीत. प्रेबेन म्हणाला, पगार डेन्मार्कचा तर मिरीही डेन्मार्कची. त्यानंच चक्की जोडली. निघायच्या आदल्या दिवशी, एस्बियर्ग बंदरात, सकाळी. आणि वरून असा पाऊस आला, की पोरीच्या अंगावर मिरीचं लोणचं झालं! तो शेवटचा पाऊस. निघाल्यापासून एक थेंब नाही.”

“चक्कीचं डोकं वाकडं आहे,” मार्गित म्हणाली.

“हो ना. आम्ही अजून चिडवतो त्याला. तो मात्र या एका थट्टेवर हसत नाही.”

मार्गितनं कप खिडकीच्या काठावर ठेवला आणि उठली. “मला ती जखम जवळून बघायचीय.”

कप्तान म्हणाला, “टोक पाण्यावर आहे. माणसांच्या टोपलीत उभं राहून छोट्या क्रेननं बाहेर सोडावं लागेल. आक्सेल सोडेल.”

“नको,” मार्गित म्हणाली. “मार्युन सोडेल.”

३

टोपली म्हणजे लोखंडी पिंजराच. कमरेला पट्टा बांधून मार्गित आत उभी राहिली. क्रेनच्या खोलीतून मार्युन तिच्याकडे बघत होती.

“खात्री आहे ना तुझी?” बिनतारी यंत्रावर आवाज आला. “माझ्याबद्दल काय काय सांगितलं असेल त्यांनी.”

“मला उंचीची भीती वाटते,” मार्गित म्हणाली. “तेवढं लक्षात ठेव.”

“मग समोर बघ. मी सांगेन तेव्हाच खाली.”

टोपली उचलली गेली, पण उचलली गेल्याचं पोटाला कळलं नाही. कठडा मागे सरला. खाली हिरवं-राखाडी पाणी आलं. पात्याचं टोक हळूहळू जवळ येत गेलं आणि तिच्या नाकापासून हातभर अंतरावर थांबलं. टोपली झुलली नाही. ज्या हातांनी हे केलं होतं ते घिसाडघाई करणारे नव्हते. पण हात चांगला आहे हा काही पुरावा नव्हे. चांगल्या हातांकडूनही चुका होतात.

तिनं खिशातून पाच क्रोनचं भोकाचं नाणं काढलं आणि जखमेभोवती टकटक करत गेली. निरोगी भाग खणखणीत वाजत होता. लोखंडी कडी वेगानं आदळली असती तर आतले थर दूरवर सुटे झाले असते आणि बराच मोठा भाग बद्द वाजला असता. इथं बद्द आवाज फक्त खोकीपुरताच होता. वरच्या लेपावर चांदणीसारख्या चिराही नव्हत्या. खोकीच्या कडेला बारीक घासटे होते, एकमेकांवर गिरवलेले, इकडून तिकडे, तिकडून इकडे. आधी हलके, मग खोल.

म्हणजे हा घाव बसलाच नव्हता. तो दाबला गेला होता. सावकाश, खालून, डुलत डुलत.

मग तिला आणखी दोन गोष्टी दिसल्या. खोकीपासून एक मळकट ओघळ पात्याच्या वळणावरून खाली गेला होता आणि वाळून गेला होता. आणि भोवतालच्या लेपाची चकाकी अर्धवर्तुळांत उतरली होती, कुणीतरी फडक्याला रंग काढायचं तेल लावून घासल्यासारखी. फडकं सगळीकडे पोचलं नव्हतं. सर्वांत खोल कोपऱ्यात लाल रंगाचा एक ठिपका उरला होता.

“मार्युन,” ती म्हणाली, “परवा पाऊस पडला होता का?”

“पाऊस? एस्बियर्गनंतर नाही. का गं?”

मार्गित विचार करत होती, की या जागी फडकं घेऊन पोचणारा माणूस उभा कशावर होता?

४

डेकवर परतल्यावर ती एकटीच कठड्याशी जाऊन उभी राहिली. पाऊस जखमेनंतर पडला होता, म्हणजे जखम बंदरातली. पण बंदरात पाती शांत रचलेली होती. शेवटची तपासणी झाल्यावर क्रेन हललीच नव्हती. जहाजही हललं नव्हतं, कारण माल चढवताना डुलू नये म्हणून स्टॉर्केन बंदरातही आपले पाय टेकून उभं राहायचं. हललेलं काहीच नव्हतं. मग दाबलं कुणी?

“कॉफी गार झाली तुझी.” मार्युन दोन कप घेऊन आली होती.

“आई विचारते, आता परत येऊन मासळीच्या कारखान्यात लागतेस का,” मार्युन म्हणाली. “मी म्हटलं, अगं, तिथून समुद्र दिसत नाही. इथं वर बसलं ना, की पवनचक्की उभी राहताना दिसते. आधी नुसतं पाणी असतं. आपण जातो तेव्हा ती फिरत असते. मला दुसरं काही नकोय गं.”

मार्गितनं नजर खाली वळवली, शिडीवर चढताना धरली होती त्याच पायावर. पायावर एक काळा, ओला, चमकता पट्टा उमटला होता. पाणी आता सहाला टेकलेलं नव्हतं. ते पाचच्याही खाली गेलं होतं.

“जहाज वर उचललंत का सकाळपासून?”

“छे! उभं जहाज कशाला हलेल?” मार्युन म्हणाली. “ओहोटी आहे.”

मार्गितनं कप कठड्यावर ठेवला, इतक्या घाईनं की तो थेट समुद्रात गेला.

“सगळ्यांना मेसमध्ये बोलाव,” ती म्हणाली. “आणि तुझी बॅग तूर्त खोलीतच राहू दे.”

५

मेसमध्ये कुणी बसलं, कुणी दाराला टेकून उभं राहिलं. प्रेबेन अगदी मागे, फ्रीजजवळ. मार्गितनं भिंतीवरचा फोटो काढून टेबलावर ठेवला.

“कडीचा घाव असता तर थर दूरवर फुटले असते,” ती हळू आवाजात म्हणाली. ऐकायला सगळ्यांना पुढं वाकावं लागलं. “हा घाव नाही, दाब आहे. खालून वर, अगदी सावकाश आलेला. आणि त्याच्यावरून पाऊस वाहून गेलाय. तुमचा शेवटचा पाऊस मार्युनच्या वाढदिवसाच्या सकाळी पडला, बंदरात. म्हणजे परवाच्या उचलण्याशी याचा काही संबंध नाही.”

आक्सेलनं मोठा श्वास सोडला.

“पण बंदरात तर काहीच हललं नव्हतं,” कप्तान म्हणाला.

“जहाजावरचं काही नाही. तुम्हीही त्या रात्री निवांत झोपलात. जहाज उभं होतं ना.” तिनं खिडकीकडं बोट केलं. “समुद्र मात्र चढत होता. जहाज तरंगत असतं, तर शेजारी बांधलेली बोट आणि जहाज एकत्रच वर आली असती, दोघांतलं अंतर तेवढंच राहिलं असतं. उभं जहाज वर येत नाही. पात्याच्या टोकाखाली कुणी ओहोटीला बोट बांधली, आणि त्या बोटीवर काही उंच असलं, तर भरतीबरोबर ते आपोआप वर येणार. डुलत डुलत. पात्याला टेकेपर्यंत, आणि टेकल्यावरही.”

सगळ्यांच्या नजरा एकदमच फोटोकडे गेल्या. लाल रंग. उंच चक्की. छोटी बोट.

“थांब, थांब,” बोडिल म्हणाली. “चक्की तर पुढच्या बाजूला होती. पोरीला क्रेनमधून दिसावी म्हणून.”

“सकाळी. रात्री ती लपवलेली होती. मोठ्या क्रेनमधून जहाजावरची एकच जागा दिसत नाही. पात्यांच्या खालची.”

मार्गितकडे लाल ठिपका होता, ओघळ होता, पण लपवणाऱ्याचं नाव त्यात लिहिलेलं नव्हतं. तिनं फोटो जवळ ओढला.

“अर्थात, मी चुकतही असेन,” ती म्हणाली. “चक्कीचं डोकं वाकडंय, एवढंच खरं. त्याचं कारण साधंही असू शकतं. जोडच कच्चा असेल. निष्काळजी कारागीर, घाईचं काम—”

“जोड पक्का होता!” फ्रीजजवळून आवाज आला. “अख्खा समुद्र खालून रेटत होता, तरी तुटला नाही, नुसता वाक—”

प्रेबेन थांबला.

तो पुढे आला आणि टेबलाचा काठ धरून उभा राहिला.

“बोट मेव्हण्याची. क्रेस्टेनची,” तो म्हणाला. “त्याचं सगळं आयुष्य तरंगत्या जहाजांना बोट बांधण्यात गेलंय. बांधली तेव्हा चक्की आणि पातं यांच्यात माणूस उभा राहील एवढी जागा होती. पौर्णिमा होती, उधाणाची भरती, हे त्याच्या डोक्यात नाही आलं. माझ्यासुद्धा नाही. मी तर याच जहाजावर राहतो. पहाटे गेलो तर चक्कीच्या डोक्यावरचा दांडा पात्यात रुतलेला. पाणी उतरल्यावर सुटला. चक्कीवर चढून रंग पुसला. वाटलं, ओरखडा आहे. देवाशपथ, मला ओरखडाच वाटला.”

“आणि काल?” मार्युननं विचारलं. ती पहिल्यांदाच बोलत होती.

“काल धागे लोंबताना दिसले तेव्हा कळलं.”

“मला उतरवलं तेव्हाही तुला कळलं होतं.”

“मी म्हटलं ना सगळ्यांना, पोरीचा दोष नाही म्हणून...”

“वारा म्हणालास.” मार्युनचा आवाज चढला नाही. “माझ्यासाठी चक्की बांधलीस, प्रेबेन. आणि मग मलाच तिच्यात टाकून दळू दिलंस.”

प्रेबेनची मान खाली गेली. “तोंड उघडलं असतं तर क्रेस्टेनची बोट गेली असती, माझं काम गेलं असतं. रोज सकाळी ठरवायचं, आज सांगू. एकच सकाळ होती म्हणा. पण ती फार लांबली.”

६

कप्तानानं फोन प्रेबेनच्याच हातात दिला. मुकादमानं किनाऱ्यावरच्या माणसाला सगळं सांगितलं, काहीही न वगळता, आणि पलीकडून जे ऐकावं लागलं ते टोपी काढून ऐकलं. क्रेस्टेननं बोट बांधली ती आपल्या सांगण्यावरून, हे त्यानं दोनदा सांगितलं. चौकशी होणार, बंदरावर परतल्यावर त्याचं मुकादमपद राहील की नाही ते तेव्हा ठरणार.

“पातं दुरुस्त होईल,” मार्गित म्हणाली. “आतला कणा शाबूत आहे. नाण्यानं ऐकलंय मी. फक्त कातडी फाटलीय. दोरावरून उतरणारे कारागीर इथं येऊन नवा थर चढवतील. ते पुन्हा फिरेल.”

कप्तानानं घड्याळ पाहिलं, मग आभाळ. “शेजारच्या रचणीतलं एक पातं राहिलंय. वारा उठायच्या आत ती पवनचक्की पुरी होईल. मार्युन?”

“चढते.”

“दोरी कोण धरेल? प्रेबेनला मी आज डेकवर—”

“प्रेबेनच धरेल,” मार्युन म्हणाली.

प्रेबेननं मान वर केली. “पोरी, तू...”

“माफ केलंय असं समजू नकोस. अजून चार दिवस तरी नाही करणार.” ती दारात थांबली. “पण तुझ्यापेक्षा चांगली दोरी इथं कुणी धरत नाही, आणि मला ते पातं न हलता वर न्यायचंय. आणि या वेळी माझ्याकडे बघून बोल.”

परतीच्या बोटीत मार्गितच्या शेजारची जागा रिकामी होती. बोडिलनं कागदात बांधून दिलेला काळा पाव तिच्या मांडीवर होता. बोट थोडी दूर जाऊन थांबली. चालकालाही बघायचं होतं.

बिनतारी यंत्र चालूच होतं.

“प्रेबेन,” वरून मार्युनचा आवाज आला, “ऐकतोयस?”

“ऐकतोय.”

“चाळिशीलाही मी अशीच असले आणि तुला चक्की बांधायची हौस आलीच, तर जमिनीवर बांध.”



“त्यापेक्षा लग्न कर ना,” प्रेबेन म्हणाला. “आमचं सगळ्यांचंच काम वाचेल.”

आक्सेल हसला, मग डेकवरचे सगळेच हसले. पातं उचललं गेलं. खाली दोरी ताणली गेली, सैल झाली, पुन्हा ताणली गेली. वर एक हात आणि खाली एक हात, मध्ये ते लांब पांढरं पातं, न झुलता, आभाळात चढत गेलं आणि पवनचक्कीच्या मुंडीत जाऊन बसलं.

मार्गितनं पावाचा कागद सोडला. बोडिलनं वर भरपूर काळी मिरी भुरभुरवली होती. ती शिंकली, एकदा, मग पुन्हा. डोळे पुसून तिनं जहाजाच्या पायाकडं पाहिलं. ओला पट्टा अरुंद झाला होता. पाणी पुन्हा सहाच्या दिशेनं निघालं होतं.